दीव-सोमनाथ की द्वारका-ओखा? मुलाबाळांसह समुद्राकडे निघणाऱ्या बडोदेकरांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आणि घरातल्या ज्येष्ठांना घेऊन समुद्राकडे जायचे ठरले, की बडोद्याच्या मराठी घरांत बोलणे बहुधा दोन नावांवर येऊन थांबते: दीव-सोमनाथ आणि द्वारका-ओखा. सोमनाथ आणि नागेश्वर अशी दोन्ही वाटांवर ज्योतिर्लिंगे असल्याने आजी-आजोबांची संमती दोन्हीकडे सहज मिळते, आणि त्यामुळेच निर्णय अवघड होतो. आम्ही दोन्ही सहली केलेल्या आहेत, म्हणून जे अनुभवले तेवढेच मांडतो.

दीवला डावलणे सोपे नाही. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला मुलांना मनसोक्त हिंडू देतो; तटावर रांगेने ठेवलेल्या तोफा आणि समोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हा छोटा किल्ला पाहून त्यांचे प्रश्न संपत नाहीत. गंगेश्वराच्या गुहेत भरतीचे पाणी पाच शिवलिंगांवर येऊन परत जाते, ते पाहायला लहान-मोठे सारखेच रमतात. चक्रतीर्थाजवळचे ‘खुकरी’ युद्धनौकेचे स्मारक मात्र थोडे सांगून दाखवावे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ही नौका याच समुद्रात बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी तिच्यासोबत जलसमाधी घेतली, हे कळल्यावर आमची मुले बराच वेळ शांत उभी होती. सोमनाथला मुक्काम केला तर सासण-गीरचे सिंहही आवाक्यात येतात.

तरीही एका गोष्टीने आमचे मन दीववरून उडाले. गुजरातेत दारूबंदी आहे, केंद्रशासित दीवमध्ये ती नाही; त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत आसपासच्या जिल्ह्यांतून मोठ्या संख्येने लोक केवळ पिण्यासाठी दीवला येतात. ज्याने त्याने आपली सुट्टी आपल्या परीने घालवावी, याबद्दल तक्रार नाही. अडचण वेळेची आहे. ऊन उतरल्यावर, चारनंतर, मुलांना वाळूत सोडण्याची जी वेळ असते, नेमक्या त्याच वेळी दीवमधल्या नागवा नावाच्या किनाऱ्यावर ही गर्दी येऊन पोहोचते. धाकटी वाळूचा बंगला करत असताना तिच्या बोटांशी बाटलीच्या काचेचा तुकडा आला. तो वेळीच दिसला म्हणून इजा झाली नाही, पण त्यानंतरची सगळी संध्याकाळ आम्ही तिच्यापुढची वाळू हाताने चाचपत बसलो होतो. शेजारी चाललेल्या आरडाओरड्यामुळे सासूबाई अंधार पडण्याआधीच खोलीवर चला म्हणू लागल्या. आडवारी गेलेल्या काही स्नेह्यांना असे काही जाणवले नाही, हेही नमूद करायला हवे. परंतु शाळेची सुट्टी आणि आडवार यांचा मेळ सर्वांनाच घालता येत नाही.

द्वारकेकडची वाट लांब आहे. मात्र बडोद्याहून जामनगर, द्वारका आणि थेट ओख्यापर्यंत जाणारी रेल्वेगाडी मिळते, तर दीवसाठी वेरावळ किंवा उन्याच्या बाजूने पुढे मोटार करावीच लागते. द्वारकाधीशाचे मंदिर दुपारी बंद असते आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून दर्शन सकाळीच उरकावे. बेट द्वारकेला पूर्वी ओख्याहून खच्चून भरलेल्या होडीतून जावे लागे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून ज्येष्ठांची ती धास्ती गेली आहे, जरी मुलांना होडीची गंमत अधिक वाटली असती. पोहण्या-खेळण्यासाठी शिवराजपूरचा किनारा द्वारकेपासून जवळच आहे. त्याला २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले असून कपडे बदलण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय व्यवस्थित आहे.

पण या बाजूचे खरे आकर्षण, माझ्या मते, द्वारकेच्या अलीकडे आहे. जामनगरहून द्वारकेच्या वाटेवर सुमारे ६० किलोमीटरवर नरारा लागते. हा कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून, ओहोटीच्या वेळी तेथे प्रवाळाच्या खडकांवरून घोटाभर पाण्यात चालत जाता येते. वाटाड्याने एका डबक्याकडे बोट दाखवले तेव्हा आम्हाला तेथे नुसता दगड दिसत होता. तो दगड हलला, त्याचा करडा रंग तांबूस झाला आणि आठ पायांचा ऑक्टोपस खडकाखाली सरकला. कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहून मोठ्या झालेल्या बडोद्याच्या मुलांना समुद्रातला जीव असा पावलापाशी हलताना दिसणे, ही फार मोठी गोष्ट आहे. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा हा परिसर, तर आपल्याच बडोदे संस्थानाचा मुलूख होता. तेथील समुद्रजीवांची पाहणी बडोदे सरकारने सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतली आणि तिचा पहिला भाग १९०९ मध्ये प्रसिद्धही केला.

नराऱ्याला गैरसोयी आहेत. सावली जवळजवळ नाही, खडक टोकदार आहेत, चपला चिखलात रुतून निघतात म्हणून नाडीचे कॅनव्हासचे बूट लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरच थांबलेले बरे. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आधी ती पाहून मगच खोली आणि तिकिटे ठरवावीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वाधिक मागे हटते. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येत असल्याने भाऊबीजेच्या सुमाराचे दिवस यासाठी बहुधा अनुकूल ठरतात.

ज्यांच्या घरी मुले अगदी लहान आहेत, किंवा ज्येष्ठांना फार चालवत नाही, त्यांना कदाचित दीवच सोयीचे पडेल. त्यांनी नागव्याऐवजी दीवच्याच घोघला किनाऱ्याच्या बाजूला मुक्काम करावा आणि शनिवार-रविवार सोमनाथला काढून सोमवारी दीवला उतरावे. मुले सात-आठ वर्षांच्या पुढची असतील, तर मात्र आधी जामनगरला उतरून नरारा करावे आणि मग निवांतपणे द्वारकेकडे वळावे, असे मी सुचवेन.