वॉर्न व्हीआर इव्हो १०-एस: ओढायला दमदार, पण पडून राहिल्यावर?

विंच, म्हणजे फसलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र, घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पौंडाचा? सह्याद्रीत गाडी घालणाऱ्याने त्याआधी दुसरा विचारावा. दहा महिने पडून राहिलेला हा विंच अकराव्या महिन्यात, भर पावसात, बटण दाबल्यावर फिरेल का? इकडच्या बहुतेक थार, जिमनी, गुरखांवरच्या विंचना वर्षाकाठी चार-सहा वेळाच खरं काम पडतं. उरलेले दिवस ते बंपरमागे चिखल खात, सर्व्हिस सेंटरच्या पाण्याचा मारा झेलत बसलेले असतात. त्यामुळे गिअर झिजून विंच बसला असं क्वचितच होतं. बसतो तो गंजलेल्या लगमुळे (वायरच्या टोकाचा धातूचा जोड), चिकटलेल्या काँटॅक्टरमुळे (मोटरला करंट सोडणारा विजेवर चालणारा जाड स्विच) किंवा मोटरमध्ये शिरलेल्या ओलीमुळे. वॉर्नच्या व्हीआर इव्हो १०-एसची ही पारख त्याच बाजूने केलेली आहे.

आधी कागदावरचं उरकून घेऊ. ओढ १०,००० पौंड, म्हणजे ४,५३६ किलो. १२ व्होल्टची सिरीज-वाउंड मोटर, प्लॅनेटरी गिअर, ९० फुटी (साधारण २७ मीटर) ३/८ इंच जाडीचा सिंथेटिक दोर, आयपी६८ सीलिंग, अल्ब्राइटचा काँटॅक्टर, आणि वायर लावून किंवा वायरशिवाय चालणारा एकच रिमोट. नावातला ‘एस’ सिंथेटिकचा. त्याशिवायच्या मॉडेलला स्टीलची वायर रोप येते.

४,५३६ हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा आहे. प्रत्येक वरच्या थरामागे ओढ साधारण दहा-बारा टक्क्यांनी घटते. जवळच्या झाडाला पाच मीटर दोर काढून बांधला तर ड्रमवर तीन-चार थर शिल्लक असतात आणि हातात येते ती सव्वातीन टनांच्या आसपासची ओढ. शक्य तिथे दोर जास्त सोडा, लांबचं झाड धरा. तेही पुरत नसेल तर स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर वळवणारी कप्पी, लावून दोर दुहेरी करा: ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा, आणि मोटरला लागणारा करंटही जवळपास निम्मा. बॅटरीचं आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही.

कोणत्या गाडीला किती? नेहमीचा हिशेब म्हणजे भरलेल्या गाडीच्या वजनाची दीडपट. जिमनीचं कमाल भरलेलं वजन १,५४५ किलो, दीडपट म्हणजे सुमारे २,३२० किलो. तिला १०-एस म्हणजे नाकावर फुकटचं ओझं. याच मालिकेतला ८,००० पौंडी पुरून उरतो. थार माणसं-सामानासह सव्वादोन टन धरली तर गरज ३,४०० किलोंच्या आसपास जाते. ८,००० पौंडी, म्हणजे ३,६२९ किलोंचा विंच तिथे काठावर येतो आणि १०-एस शोभतो. गुरखाला तर १०-एसच हवा.

या विंचचं खरं कौतुक काँटॅक्टरचं. जुन्या आणि आजच्याही स्वस्त विंचमध्ये डब्यात काँटॅक्टरऐवजी चार सोलेनॉइड (छोटे विजेचे स्विच) असतात, दोन आत ओढायचे आणि दोन बाहेर सोडायचे. चारातला एक रुसला की विंच एकाच दिशेला चालतो. अल्ब्राइट हे नाव फोर्कलिफ्टच्या दुनियेतलं आहे, जिथे काँटॅक्टर दिवसभर उघडझाप करत असतो. पण चांगला काँटॅक्टरही कमी व्होल्टेजला मरतो, आणि त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. जोरात ओढ चालू असताना बॅटरी खाली गेली की काँटॅक्टरच्या कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. आतले काँटॅक्ट अर्धवट सुटतात, पुन्हा लागतात, कडकड करत ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांनी काँटॅक्ट खडबडीत होतात, आणि एखाद्या वेळी वेल्डिंग झाल्यासारखे एकमेकांना चिकटतात. मग बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. अशा वेळी रिमोट कामाचा नाही. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर हाताला पटकन लागेल असा मेन कटऑफ स्विच हवाच. विंचसोबत आला नसेल तर वेगळा घ्या, पण किमान ४००-५०० अँपियर थोडा वेळ सोसणारा. म्युझिक सिस्टीमच्या दुकानातला नाजूक स्विच इथे वितळेल.

पूर्ण ओढीला असले विंच ४०० अँपियरच्या पुढे करंट खातात. ऑल्टरनेटर शे-दीडशे देतो, बाकीचं बॅटरीतून जातं. त्यामुळे बॅटरी किमान ६५० सीसीएची (थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी देऊ शकते तो करंट), इंजिन चालू, आरपीएम बाराशे ते पंधराशे. सलग मिनिटभराहून जास्त ओढू नका. थांबा, मोटरला हात लावून पाहा, बॅटरीला सावरू द्या. मोटरला हात ठेववत नसेल तर तुमची घाई तिला मानवलेली नाही.

वायरिंगमध्ये काटकसर करणाऱ्यांसाठी एक साधं गणित. एका जोडात एक मिलिओहमचा जास्तीचा अडथळा असेल, तर ४०० अँपियरला तिथे ०.४ व्होल्ट पडतात आणि १६० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे एका लगवर तापलेली सोल्डरिंग आयर्नच ठेवलेली. वायर किमान ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची, लग हायड्रॉलिक प्रेसने क्रिम्प केलेला, वर हीट-श्रिंक. हातोडीने ठोकलेला लग पहिल्या पावसाळ्यापर्यंत चालतो, दुसऱ्यात हिरवा पडतो. अर्थची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. चासीवर कुठेतरी बोल्ट शोधून ती अडकवणं हे या धंद्यातलं सर्वांत आवडतं पाप आहे.

आयपी६८बद्दल गैरसमज फार. त्यातला ६ धुळीसाठी, ८ पाण्यात बुडण्यासाठी. प्रेशर वॉशरच्या धारेची चाचणी वेगळी असते. ८ मिळाला म्हणजे तीही आपोआप मिळाली असं होत नाही. ओढा ओलांडताना विंच बुडाला तर फारसं बिघडत नाही. पण वॉशिंग सेंटरवाल्याने नोझल कंट्रोल बॉक्सच्या जोडावर धरलं तर सील हार मानू शकतं. साध्या पाइपने, दुरून धुवायला सांगा.

आता दोर. सिंथेटिकचे फायदे खरे आहेत: हलका, हाताला काटे लागत नाहीत, तुटला तर स्टीलसारखा साठलेल्या ताकदीने सपकन येत नाही. तरी ओढताना दोरावर जाड कापड किंवा डॅम्पर टाकायचाच आणि माणसं बाजूला ठेवायचीच. त्याचे शत्रू दोन. पहिला वाळू. तांबड्या मातीच्या चिखलातले कण धाग्यांत शिरतात आणि प्रत्येक ओढीला आतून कातरत राहतात. चिखलातला दौरा झाला की दोर पूर्ण उलगडा, बादलीत साध्या पाण्यात सौम्य साबणाने चुबका, सावलीत वाळवा. उन्हात नको. दुसरा शत्रू उष्णता. हे धागे साधारण १४५-१५० अंशांना वितळतात, आणि त्याच्या बऱ्याच आधी कमकुवत होतात. विंचचा ब्रेक गाडी उतारावरून सोडताना तापतो. ताणाखाली दोर बाहेर सोडणं म्हणजे ब्रेक घासत सोडणं. म्हणून विंचने गाडी खाली उतरवायची तर थोडी थोडी, थांबत. पहिल्या थरातला दोर चकचकीत, कडक, काचेसारखा लागला तर तो भाजलेला आहे. तेवढा कापून नव्याने स्प्लाइस करा, म्हणजे टोक दोरातच विणून घ्या, गाठ मारू नका. गाठीने ताकद निम्म्यावर येते.

ड्रमवर नेहमी किमान दहा वेढे शिल्लक ठेवा. दोराचं टोक ड्रमला धरणारा स्क्रू ओढ सोसायला नाहीच. ओढ सोसते ती वेढ्यांच्या घर्षणाने. नवा दोर पहिल्यांदा गुंडाळताना गाडी हलक्या चढावर ठेवून, हँडब्रेक किंचित ओढून, तो ताणाखाली गुंडाळावा. सैल गुंडाळलेला दोर पहिल्याच जोरात खालच्या थरात रुततो, आणि तो सोडवताना अख्खी दुपार जाते. स्टीलच्या दोरावर वापरलेला रोलर फेअरलीड (दोर विंचमध्ये शिरतो तिथली रुळांची चौकट) सिंथेटिकला वापरू नका. वायरने त्यावर पाडलेल्या खरचटी दोर कापतात. ॲल्युमिनियमचा गुळगुळीत, रुळांशिवायचा हॉझ फेअरलीडच लावा.

बिघाड शोधताना क्रम महत्त्वाचा, नाहीतर माणसं थेट मोटर उघडतात.

रिमोटला काहीच प्रतिसाद नसेल तर आधी कटऑफ, मग वायर लावून रिमोट चालवून पाहा. वायरने चालला, वायरशिवाय नाही, तर दोष रिमोटच्या बॅटरीत किंवा रिसीव्हरमध्ये. विंच ठीक आहे. वायरनेही नाही, तर प्लगच्या पिना पाहा, हिरवट असतील तर काँटॅक्ट क्लीनर मारा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या.

‘टक’ आवाज येतो पण मोटर फिरत नाही: म्हणजे काँटॅक्टर लागतोय, पुढे करंट जात नाही. मल्टिमीटरचा एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा विंचच्या पॉझिटिव्हवर ठेवून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. ओढीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर, लग किंवा कटऑफ दोषी. हीच चाचणी निगेटिव्ह बाजूला, विंचच्या अर्थ बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. बहुतेक वेळा चोर अर्थमध्ये सापडतो. बॅटरीवरच व्होल्टेज दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीच बदला, विंचला शिव्या देऊ नका.

एकाच दिशेला चालतो: काँटॅक्टरच्या दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. दोन्ही सारखेच हवेत. एका कॉइलचं सर्किट तुटलेलं किंवा रेझिस्टन्स बराच वेगळा दिसला तर काँटॅक्टर बदला. कॉइल ठीक असतील तर रिमोटचं त्या दिशेचं बटण तपासा.

मोटर थेट तपासायची तर क्लच फ्री-स्पूलवर टाका, म्हणजे ड्रम गिअरपासून सुटा होईल आणि फिरणार नाही. सिरीज-वाउंड विंच मोटरवर बहुधा ए, एफ-१, एफ-२ असे तीन स्टड असतात, शिवाय अर्थचा बोल्ट. कंट्रोल बॉक्सच्या वायरी सोडवून ए आणि एफ-१ जाड वायरने जोडा, एफ-२ ला क्षणभर बारा व्होल्ट द्या. मग ए आणि एफ-२ जोडून एफ-१ ला द्या. दोन्हीकडे फिरली तर मोटर निर्दोष. अडखळत फिरली, हलकं ठोकल्यावर चालली, तर कार्बन ब्रश अडकलेत. आत ओल शिरून कम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि जाताना सील बदला. जुनं सील परत बसवणं म्हणजे पुढच्या पावसाला आमंत्रण.

मोटर फिरते, ड्रम नाही: क्लच पूर्ण बसलेला नाही. लिव्हर नुसता ढकलू नका, ड्रम हाताने थोडा फिरवून दात जुळू द्या. ताणाखाली क्लच सोडणं किंवा अर्धवट लावणं हे गिअर फोडायचं सर्वांत खात्रीचं तंत्र आहे.

गिअरबॉक्स उगाच उघडू नये. उघडायची वेळ आलीच आणि ग्रीस कॉफीसारखं दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय. पुसून काढा, चांगलं लिथियम ईपी ग्रीस दातांना लागेल एवढंच भरा, गॅस्केट नवं. ठासून भरलं तर फ्री-स्पूल जड होतो. ब्रेकच्या सुक्या पृष्ठभागाला ग्रीसचा हात चुकूनही लागू देऊ नका.

तोटेही आहेत. आयात माल, त्यामुळे किंमत आपल्याकडच्या निनावी विंचपेक्षा खूप वर जाते. सुटे भाग मागवावे लागतात, वाट पाहावी लागते. अल्ब्राइटचा काँटॅक्टर मात्र बॅटरी-वाहनांच्या दुकानांतून, व्होल्टेज आणि आकार जुळवून, मिळू शकतो, हा या विंचचा मोठा दिलासा. निनावी विंचचा १२,००० पौंडांचा स्टिकर वाचून भुलू नका. गिअर रेशो, मोटरची ताकद आणि वजन विचारा; तिन्ही सांगता आले नाहीत तर स्टिकरही खरा धरू नका.

बसवण्याआधी कायद्याचं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं. पुढे आलेला जाडजूड विंच बंपर पोलिसांच्या नजरेत भरतो. मूळ बंपरमागे लपणारी विंच प्लेट निवडा, आणि ती निवडताना रेडिएटरची हवा अडत नाही ना, हे घाटात नव्हे, घरीच तपासा. कंट्रोल बॉक्स बंपरमागून काढून इंजिन बेमध्ये वर बसवता आला तर बसवाच. इव्होमध्ये ती सोय आहे. तिथे चिखल कमी आणि हात पोहोचायला जागा जास्त.

दर तीन महिन्यांनी, पाऊस असो नसो, पाच-सहा मीटर दोर काढून सपाट जागी दुसरी गाडी हँडब्रेकवर लावून हलक्या ताणाने आत घ्या. मोटर सुकते, काँटॅक्ट घासून स्वच्छ होतात, आणि जे बिघडायचं ते घरासमोर बिघडतं. रिमोटचे सेल काढून ठेवा आणि वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका.