एमजीबीवर आठ महिने इंजेक्शन, मग पुन्हा एसयू : माझा अनुभव

गाडी १९६६ ची एमजीबी, ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार, काकांकडून आलेली. इंदूरच्या राजेंद्र नगरात उभी असते. रविवारी सकाळी पोह्यांसाठी राजवाड्यापर्यंत, मूड असेल तर महूपर्यंत, एवढाच तिचा संसार. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याचं गणित वेगळं येईल.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दोन्ही एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरांनी (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) छळ मांडला. गरम गाडी दहा मिनिटं बंद केली की परत चालू व्हायची नाही. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे कार्ब अक्षरशः तव्यावर बसलेले. जो तो म्हणाला, कार्ब काढ, इंजेक्शन (कंप्युटरनं मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) टाक. टाकलं.

किटची किंमत हा खर्चाचा निम्माच भाग निघाला. मूळ पंप डिकीच्या बाजूला टकटक करत जेमतेम ३ पीएसआय दाब देतो. इंजेक्शनला ४३ लागतात. म्हणून नवा पंप, रिटर्न लाइन, टाकीत बदल. शिवाय गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं), त्यात बॅटरी चार्ज करायला जुना डायनमो, जो आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. अर्थ उलटा केला, अल्टरनेटर बसवला. हे सगळं मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

फायदा झाला, नाही म्हणणार नाही. डिसेंबरच्या सकाळी चोक न ओढता पहिल्या किल्लीला चालू. पळायला मात्र तसूभरही फरक नाही. ९५ हॉर्सपॉवरचं इंजिन ९५ चंच राहिलं.

खरी गोची इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये होती. चार सिलिंडरना इनटेकचे पोर्ट (हवा आत यायच्या वाटा) दोनच : १ आणि २ चा एक, ३ आणि ४ चा एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे २ नं हवा ओढली की लगेच १ ओढतो, आणि मग तो पोर्ट बराच वेळ रिकामा बसतो. माझ्या किटमध्ये दर पोर्टला एकच इंजेक्टर होता. रिकाम्या वेळात साचलेलं पेट्रोल आधी ओढणाऱ्याला, म्हणजे २ आणि ३ ला मिळायचं. १ आणि ४ उपाशी. आमच्या मेकॅनिक उस्तादांनी प्लग काढून ओळीत मांडले आणि म्हणाले, "भिया, बीच वाले काले, किनारे वाले कोरे." त्यांची हयात अॅम्बेसेडर खोलण्यात गेली. तिचं १४८९ सीसीचं इंजिन याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं, आमचं १७९८ चं म्हणजे त्याचंच आकारानं मोठं भावंड. प्रत्येक सिलिंडरच्या वेळेवर नेमका फवारा सोडणारा ईसीयू (इंजेक्शनचा कंप्युटर) असता तर हे सुधारलं असतं. माझ्याकडचा तसा नव्हता.

मग ओंकारेश्वरला जाताना भेरू घाटात गाडी अचानक बंद. तीन तास, शेवटी क्रेन. दोष काय, तर ईसीयूची अर्थची वायर ढिली. माझ्याच वायरिंगवाल्याचं काम, किटला दोष नाही. पण कार्ब असता तर पाना आणि तोंडानं फुंकर एवढ्यावर निघालो असतो, असं त्या तीन तासांत निदान तीसदा वाटलं.

त्यानंतर एसयू परत बसवले, आणि हे आधीच करायला हवं होतं. कार्ब वाईट नव्हते, झिजले होते. थ्रॉटलचे स्पिंडल (हवेची झडप फिरवणारे दांडे) इतके सैल की बाजूनं हवा खात होते. अशा कार्बचं ट्यूनिंग करणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. लेथवाल्याकडून बुश घालून घेतले. पेट्रोल सोडणारे जेट नवे, त्यांत वरखाली होणाऱ्या सुया एक पायरी रिच (थोडं जास्त पेट्रोल सोडणाऱ्या), इथेनॉलला टिकणारे पाइप, खाली नवी हीट शील्ड. कार्बच्या डोक्यावरच्या डॅशपॉटमध्ये २० नंबरचं तेल. ते आटलं की पाय दाबताच गाडी अडखळते, आणि लोक भलतीकडेच दोष शोधत बसतात.

सुया रिच का? ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. जुन्या सुईवर गाडी आपोआप लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते आणि आणखी तापते. इंजेक्शन सेन्सरच्या जोरावर हे स्वतः सांभाळून घेतं, तिथे त्याला पैकीच्या पैकी गुण. म्हणून किटमधला वाइडबँड ओ-टू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) मी एक्झॉस्टमध्येच ठेवला आणि त्याला वेगळा मीटर जोडला. मीटर पेट्रोलच्या आकड्यात न वाचता लॅम्डावर (१ म्हणजे त्या इंधनाला हवी तेवढीच हवा) वाचायचा, नाहीतर ई२० फसवतं. आधी नळी कानाला लावून दोन्ही कार्बचा श्वास जुळवायचा, मग जेटचा नट एकेक पैलू फिरवत मीटर बघायचा. आमच्या हिला हा प्रकार डॉक्टरकीचा वाटतो.

सहा महिने झाले. यंदाच्या मे महिन्यात पारा ४३ वर असताना एकदा सराफ्याजवळ बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबावं लागलं. तेवढं सोडलं तर तक्रार नाही. थंडीतली पहिली सुरुवात चोकशिवाय होत नाही, ती कधी होणारही नाही.

रोजची गाडी असेल, एकेका सिलिंडरला स्वतंत्र पोर्ट असेल, अल्टरनेटर आधीच असेल तर इंजेक्शन खुशाल घ्या. बाकी किट फळीवर डब्यात पडून आहे. कोणाला हवं असेल तर सांगा. सेन्सर मिळणार नाही.