पॅकिंगचं पाइन की परड्यातला आंबा? घरच्या लेथवरच्या वाडग्यासाठी लाकूड निवडताना

घरी छोटा लेथ, म्हणजे लाकूड गरागरा फिरवून कातायचं यंत्र, बसवला की पहिला प्रश्न लाकडाचा. बेळगावात दोन लाकडं सहज हाती लागतात. एक, उद्यमबागेतल्या कारखान्यांत यंत्रांच्या खोक्यांतून येणारं पाइन. दुसरं, खानापूरकडच्या वखारीतला किंवा वळवाच्या वाऱ्यात परड्यात मोडून पडलेला आंबा. दोन्हींचे वाडगे मी केले आहेत, आणि शिकाऊ माणसाने आंब्यावर हात बसवावा, असं माझं ठाम मत आहे.

पाइनची बाजू आधी मांडतो. ते स्वस्त असतं, हलकं असतं आणि बहुतेक वेळा सुकलेलंच मिळतं. आज आणलं की आज लेथवर चढतं. पण घेताना फळीवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. खाण्याच्या भांड्यासाठी ते लाकूड नकोच. तेल-ग्रीस सांडलेली फळीही नको. खिळ्यांसाठी लोहचुंबक फिरवून बघा. आत राहिलेला एक खिळा पटाशीची (कातायच्या हत्याराची) धार घालवतो आणि डोळ्यालाही धोका करतो. फळ्या पातळ असल्याने तीन-चार एकावर एक चिकटवाव्या लागतात. साधा फेव्हिकॉल पाण्यात टिकत नाही, पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल मरीन घ्या.

पाइनची खरी अडचण त्याच्या वर्षवलयांत आहे. फिकट पट्टा मऊ, त्याला लागूनचा गडद पट्टा कडक. पॉलिश पेपर मऊ भाग भराभर खातो, कडक तसाच उभा राहतो. डोळ्याला वाडगा गुळगुळीत दिसतो. बोट फिरवलं की नांगरलेल्या रानासारख्या सऱ्या लागतात. शिवाय फळी आडवी धरून वाडगा कातताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा पटाशी रेषांच्या तोंडावर, म्हणजे तंतूंच्या कापलेल्या टोकांवर, येते. तिथे धार जरा बोथट असली तरी तंतू कापले न जाता उपटले जातात, आणि ते खड्डे कितीही घासा, जात नाहीत. उपाय असा: शेवटच्या हातापूर्वी पटाशीला नवी धार. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून बुडाकडे कातायचं, आणि घासताना पेपर बोटावर न धरता ठोकळ्यावर धरायचा.

आंबा शास्त्राच्या वर्गवारीत पाइनसारख्या सुईपानी झाडांच्या ‘मऊ लाकडात’ बसत नाही, रुंद पानांचं झाड ते. पण ओला असताना तो मऊ कातला जातो, त्याची लांबच लांब फीत निघते आणि चूक झाली तरी सांभाळून घेतो. पटाशीचा कोन कसा धरायचा हे हाताला तिथेच कळतं. ओंडका मधोमध चिरून गाभा काढून टाका, नाहीतर चीर ठरलेली. 20 सेंटिमीटरच्या वाडग्याची भिंत 2 सेंटिमीटर जाड ठेवून कच्चा आकार काढा, कागदी पिशवीत घालून सावलीत काही महिने विसरा. तो वाकडा होईल. म्हणूनच जाडी ठेवायची, मग दुसऱ्यांदा कातून गोल करायचा. पावसाळ्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, बुरशी येते आणि किडाही लागतो. आंब्याच्या चिकाने काहींच्या अंगाला खाज सुटते. मास्क दोन्ही लाकडांना हवाच.

पांगाराही विचारतात लोक. सावंतवाडीची खेळणी त्याची होतात. रंगवायच्या वस्तूला तो छान, पण रोजच्या वाडग्याला फार नाजूक.

वापराचं म्हणाल तर माझ्या पहिल्या पाइनच्या वाडग्यात चिरमुरे ठेवले होते, दोन दिवसांत त्यांना टर्पेंटाइनचा वास लागला. राळेचाच तो. फळं, किल्ल्या, सुकी फुलं यांना पाइन चालेल. चिरमुरे, शेंगदाणे, कोशिंबीर यांना आंबा.

तेल दोन्हींना कच्च्या जवसाचंच लावा. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, खवट होतं. दुकानातल्या ‘बॉईल्ड’ जवस तेलात ते लवकर वाळावं म्हणून इतर द्रव्यं मिसळलेली असतात, ते खाण्याच्या भांड्याला नको. कच्चं तेल वाळायला काही आठवडे घेतं, तेवढं थांबा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पसरून उन्हात वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून ठेवा.