अँटिबॉडी पॅनल लिहून दिलंय, सहाचं करू की बाराचं?

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला चुलत भावाचा फोन. "ताई, डॉक्टरांनी ऑटोइम्यून पॅनल लिहिलंय, लॅबवाला विचारतोय सहाचं करू का बाराचं, बारात जास्त येतं ना, मग बाराचंच करतो." मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सॅम्पल आणि रिपोर्टच्या कामाला बरीच वर्षं आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते, पण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच ठेवते. ऑटोइम्यून म्हणजे शरीराची संरक्षणफौज आपल्याच पेशींवर उलटते तो प्रकार, आणि सहा-बारा म्हणजे एका तपासणीत किती अँटिबॉडी शोधायच्या तो आकडा. लोकांना वाटतं सहाचं म्हणजे साधी थाळी आणि बाराचं म्हणजे स्पेशल थाळी, स्पेशलमध्ये साधी आलीच. नाही येत हो. ती दोन वेगळी हॉटेलं आहेत, एकाचा पदार्थ दुसऱ्याकडे मिळत नाही.

सहाचं म्हणतात ते बहुतेक ठिकाणी एन्सेफलायटिसचं, म्हणजे मेंदूच्या सुजेचं पॅनल असतं. त्यात एनएमडीए रिसेप्टर, एलजीआय-१, कॅस्पर-२, एएमपीए, गाबा-बी असली नावं. या सगळ्या मेंदूच्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या गोष्टी. बाराचं म्हणजे पॅरानिओप्लास्टिक ब्लॉट, कुठंतरी लपलेल्या कॅन्सरमुळे मेंदू-नसांना होणाऱ्या त्रासासाठीची पट्टीवरची टेस्ट. त्यात हू, यो, री, सीव्ही-२, एमए-२, अ‍ॅम्फिफायसिन, सॉक्स-१ वगैरे, आणि या जवळजवळ सगळ्या पेशीच्या आतल्या. आता बाहेर आणि आत यानं एवढा काय फरक पडतो? तर सगळा फरक तिथंच आहे.

बाहेरच्या रिसेप्टरला अँटिबॉडी थेट जाऊन चिकटते आणि त्याला कामातून काढते, म्हणजे दारावरची बेल कुणीतरी चिकटपट्टीनं झाकून टाकल्यासारखं. पट्टी काढली की बेल परत चालू. म्हणून स्टिरॉइड, आयव्हीआयजी (दात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून देतात ते), प्लाझ्मा बदलणं, रिटुक्सिमॅब (संरक्षणफौजेला आवरणारं औषध) यांनी हे पेशंट खूपदा उठून उभे राहतात. आतल्या प्रोटीनपर्यंत अँटिबॉडी सहसा पोचत नाही, तिथं नुकसान करतात त्या टी-पेशी (संरक्षणफौजेतल्याच), आणि त्या मेंदूच्या पेशींना मारूनच टाकतात. मग हू किंवा यो अँटिबॉडी करते काय? ती फक्त पावती आहे, शरीरात कुठंतरी गाठ आहे आणि तिच्याशी लढता लढता मेंदूवरही हल्ला झालाय याची पावती. पावती रक्तातून धुऊन काढली म्हणून मेलेली पेशी परत येत नाही, तिथं गाठ लवकर शोधणं हाच मोठा उपाय.

ज्या पेशंटसाठी तो फोन होता ती भावाची भाची, एकोणीस वर्षांची. आठ दिवस झोप नाही, एकटीच हसायची, मध्येच घाबरून ओरडायची, आजी म्हणाली बाहेरचं झालं, मामा म्हणाला परीक्षेचं टेन्शन, मग मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी फिट आली. नंतर तोंडाची चावल्यासारखी हालचाल थांबेचना. हे सगळं ऐकल्यावर मी म्हटलं बाराचं राहू दे, आधी सहाचं कर आणि पाठीतलं पाणी पाठव. तोवर एका लॅबनं नुसतं रक्त घेऊन रवाना केलेलं होतं. तीन दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह, घरात सुटकेचा नि:श्वास, आणि पोरगी मात्र तशीच.

हे इथं नीट समजून घ्या, कारण पैसे इथंच वाया जातात आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस. एनएमडीएसाठी पाठीतलं पाणीच खरं. २०१४ साली मोठ्या संख्येच्या पेशंटवर दोन्ही सॅम्पल शेजारीशेजारी तपासली तेव्हा पाण्यात सगळे पॉझिटिव्ह आले आणि रक्तात साधारण सातातला एक सुटला. म्हणजे नुसत्या रक्ताचा निगेटिव्ह रिपोर्ट या आजारात नाही म्हणजे नाही असा धरताच येत नाही. तिचं पाणी गेलं आणि पॉझिटिव्ह आलं. मग पोटाची सोनोग्राफी, उजव्या ओव्हरीत तीन सेंटिमीटरचा डर्मॉइड. डर्मॉइड म्हणजे टेराटोमा, त्यात केस असतात, दात असतात आणि कधी कधी मेंदूसारखी ऊतीपण असते, शरीराचं मेंदूशी भांडण तिथूनच सुरू होतं. जोसेप डाल्माऊ या न्यूरॉलॉजिस्टनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हा आजार नावानिशी मांडला तेव्हा बारा बायका-मुली होत्या आणि त्यातल्या अकरांना ओव्हरीत हीच गाठ. नंतर २०१३ मध्ये ५७७ पेशंटचा हिशोब आला, त्यात गाठ ३८ टक्क्यांना, जवळजवळ सगळ्या बायकांमध्येच, आणि लहान मुलांमध्ये गाठ क्वचित. आणि दोन वर्षांनी ज्यांची माहिती हाती होती त्यांतले ८१ टक्के बऱ्या अवस्थेत. गाठ शोधायची असेल तर इथं पेट स्कॅनवर भरवसा ठेवू नका, टेराटोमा त्यात नीट दिसत नाही, सोनोग्राफी किंवा पोटाचा एमआरआय.

आता याच सहाच्या पॅनलमधलं दुसरं टोक म्हणजे एलजीआय-१, आणि त्याची गंमत अशी की सॅम्पलचा नियम बरोब्बर उलटा. साठीच्या पुढचे गृहस्थ, विसरायला लागलेत, आणि चहाचा कप हातात असताना चेहरा आणि त्याच बाजूचा हात सेकंदभर आखडतो, कप हिंदकळतो, परत नॉर्मल, असं दिवसात पन्नासदा. घरचे म्हणतात वय झालं. रक्तात सोडियम कमी निघतं. इथं रक्त जास्त भरवशाचं, पाण्यात अँटिबॉडी सापडेलच असं नाही. आणि कॅन्सर दहातल्या एकालासुद्धा नसतो, त्यामुळे अंगभर गाठ शोधत बसायची घाई नाही, उपचाराची घाई आहे. कुणी जुन्या पद्धतीनं व्हीजीकेसी अँटिबॉडी नावाची टेस्ट लिहिली तर विचारा की एलजीआय-१ आणि कॅस्पर-२ वेगळं येणार का. २०१० सालापासून माहीत आहे की खरी निशाणी ती दोन आहेत, ती निगेटिव्ह आणि व्हीजीकेसी पॉझिटिव्ह याला काही अर्थ उरत नाही.

त्यामुळे माझं मत साधं आहे: सहाचं करायचं तर रक्त आणि पाणी दोन्ही एकदम. एकाचेच पैसे असतील तर तरुण पेशंट, वेडसर वागणं, फिट, हालचाली यात पाणी. म्हातारा पेशंट आणि ते कप हिंदकळणं यात रक्त. डोळ्याची नस सुजून दिसेनासं झालं किंवा पाय लुळे पडले तर यातलं काहीच नाही, तिथं अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या वेगळ्या अँटिबॉडी, त्याही रक्तातून, आणि सेल-बेस्ड (पेशींवर तपासायच्या, पुढे सांगते) पद्धतीनंच. मॉग हलकं पॉझिटिव्ह आलं तर लगेच शिक्का मारू नका, टायटर, म्हणजे अँटिबॉडी किती प्रमाणात आहे, ते विचारा.

आता बाराचं. हे कुणाला? पन्नाशीपुढचा, बिड्या ओढणारा, दोन महिन्यांत हातापायाची जाणीव जाऊन चालताना भिंत धरायला लागलेला माणूस. किंवा बाई, महिन्याभरात तोल गेला, बोलणं जड झालं, एमआरआय जवळपास स्वच्छ. पहिल्यात हू, आणि हू पॉझिटिव्ह म्हणजे दहात आठ-नऊ वेळा मागे कॅन्सर, बहुतेकदा फुप्फुसाचा स्मॉल सेल. दुसऱ्यात यो, आणि मागे ओव्हरी किंवा ब्रेस्ट. न्यूरोचा त्रास आधी आणि गाठ नंतर सापडते, खूपदा गाठ इतकी बारीक असते की पहिल्या सिटीत दिसत नाही. म्हणून २०२१ च्या नव्या निकषांत लिहिलंय की अशी जास्त धोक्याची अँटिबॉडी असेल आणि गाठ सापडली नसेल तर दर चार ते सहा महिन्यांनी दोन वर्षं शोधत राहायचं. त्याच निकषांत अँटिबॉडींच्या तीन पायऱ्या केल्यात: सत्तर टक्क्यांवर कॅन्सर असणाऱ्या (हू, यो, री, सीव्ही-२, एमए-२, अ‍ॅम्फिफायसिन यांसारख्या), तीस ते सत्तर टक्के (एनएमडीए इथं), आणि तीसच्या खाली (एलजीआय-१, जीएडी-६५). रिपोर्ट हातात आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की आपली कुठल्या पायरीवर.

पण ब्लॉटचा एक दोष मी रोज बघते. प्लास्टिकची बोटाएवढी अरुंद पट्टी, तिच्यावर बारा ठिकाणी प्रोटीन लावलेलं, सीरम टाकायचं, धुवायचं, रंग टाकायचा, वाळवायची, आणि कुठं रेघ उठली ते बघायचं. ठसठशीत काळी रेघ आली तर प्रश्न नाही. पण कित्येकदा फिक्कट, जुन्या झेरॉक्सवर पडलेल्या सुरकुतीसारखी रेघ, आणि मशीन तिला एक प्लस देतं. ही एक प्लसवाली यो, एक प्लसवाली सॉक्स-१ यातल्या खूपशा खोट्या निघतात. यो मध्ये तर कारणही माहीत आहे, बरेच ब्लॉट सीडीआर-२ नावाचं प्रोटीन वापरतात आणि अँटिबॉडी खरी पकडते ती त्याच्या भावाला, सीडीआर-२-एल ला. म्हणून फिक्की रेघ आली तर दुसऱ्या पद्धतीनं, उंदराच्या मेंदूच्या कापावर डाग बघून खातरजमा करायची, ती सोय नसेल तर ती असलेल्या लॅबला सॅम्पल पाठवायचं, बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी न्यूरोइम्युनॉलॉजीची लॅब आहे. सेल-बेस्डमध्ये हा घोळ कमी, तिथं जिवंत किंवा फिक्स केलेल्या पेशींवर ते एकच प्रोटीन उगवलेलं असतं आणि मायक्रोस्कोपखाली पेशी हिरव्या चमकतात, अगदी पावसाळ्याच्या तोंडावरच्या काजव्यांसारख्या, चमकल्या तर चमकल्या.

खोट्या पॉझिटिव्हनं काय होतं ते थट्टेवारी नेऊ नका. २०२३ साली एक मोठं काम आलं, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणून चुकीचा शिक्का बसलेले १०७ पेशंट, त्यातल्या निम्म्यांत कारण हेच की रक्तातल्या अँटिबॉडीला नको तेवढं महत्त्व दिलं. सगळ्यात जास्त थायरॉइडची टीपीओ, जी थायरॉइडच्या पुष्कळ बायकांत तशीही असते. खरं निदान काय निघालं? कुणाचा फंक्शनल त्रास (तपासणीत दोष दिसत नाही, पण त्रास खरा), कुणाचा विसराळूपणाचा आजार, कुणाचा मानसिक. तोवर स्टिरॉइडनं चेहरा सुजून बसलेला.

तिसरं एक गिऱ्हाईक असतं, त्याला काहीच होत नसतं. "घरात वडलांना कॅन्सर होता, मला अँटिबॉडीवरून आधीच कळेल का?" फुप्फुसासाठी अशी टेस्ट खरंच निघाली, सात अँटिबॉडींची, आणि त्या सातात आपली हू-डी (वरच्या हूच्याच घरातली) पण आहे! स्कॉटलंडमध्ये १२,२०८ सिगारेट ओढणाऱ्या आणि सोडलेल्या लोकांवर करून बघितली, निकाल २०२१ ला आला. टेस्ट केलेल्या गटात दोन वर्षांत ५६ जणांना कॅन्सर निघाला, त्यातल्या १८ जणांनाच टेस्टनं आधी पकडलं होतं, बाकीचे निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निवांत. पुढच्या स्टेजचे कॅन्सर त्या गटात कमी निघाले हे खरं, पण निगेटिव्ह आलं म्हणून सिटी टाळायचा अशी ही टेस्ट नाही. माझ्या भावाला मी अशी टेस्ट करू देणार नाही. आणि सीए-१२५, सीईए यांना लोक कॅन्सरची अँटिबॉडी म्हणतात, ती अँटिबॉडी नाहीच, ते गाठीतून येणारं प्रोटीन. मोजायला लॅब अँटिबॉडी वापरते एवढंच नातं.

ऑर्डर द्यायच्या आधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्या. एक, आयव्हीआयजी सुरू झालंय का? ते हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं, त्यात दुसऱ्याच कुणाच्या अँटिबॉडी येतात आणि तुमच्या रिपोर्टवर हलकं पॉझिटिव्ह उठतं. प्लाझ्मा बदलला असेल तर उलटं, आपलीच धुऊन जाते. सॅम्पल आधी, औषध नंतर, पण सॅम्पलसाठी औषध अडवून ठेवायचं नाही, दोन ट्यूबा काढायला पाच मिनिटं लागतात. दुसरं, रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असेल का, ब्लॉट की सेल-बेस्ड. नुसतं "पॉझिटिव्ह" असा कागद मिळाला तर तो मला पाठवून काय उपयोग, मी काय वाचणार त्यात.

भाचीचं सांगायचं राहिलं. तिच्या पाठीतून पाणी पहिल्याच दिवशी काढलेलं होतं, इन्फेक्शन आहे का बघायला, आणि तिथल्या एका हुशार टेक्निशियननं उरलेली दीड एमएल फ्रीजरमध्ये ठेवली होती. रक्त निगेटिव्ह आल्यावर परत सुई टोचायची वेळच आली नाही, तीच ट्यूब बर्फाच्या डब्यात घालून पाठवली. गेल्या महिन्यात ती परीक्षेला बसली. त्या सहा आठवड्यांतलं तिला काहीच आठवत नाही, आजीनं उतरवलेली मिरची-मीठसुद्धा.