लीडरशिपचा प्रश्न: पदाची गोष्ट सांगावी की बिनपदाची?

“तुम्ही कधी पुढाकार घेऊन लोकांकडून काम करून घेतलंय का? एखादा प्रसंग सांगा.” हा प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तयारीला बसलं की बहुतेकांच्या हाताशी दोन गोष्टी असतात. एक पदाची: कॉलेजचा जीएस, एनएसएसच्या शिबिरातली गटप्रमुख, गणेश मंडळाचा अध्यक्ष, ढोल पथकाची वादनप्रमुख. दुसरी बिनपदाची: ऑफिसात काहीतरी अडलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं, तरी हात घातला आणि चार जणांना बरोबर घेऊन काम तडीस नेलं. बोलायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं, म्हणजे एकच निवडायची. मी भरतीच्या पॅनेलवर बसते, तेव्हा माझा कल आधीच सांगते: संभ्रम असेल तर बिनपदाची. मात्र सरसकट नाही. समोर कोण बसलंय त्यावर बरंच ठरतं.

आधी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहू. अकाउंट्समधला एकच उमेदवार आहे असं धरा.

पदाची गोष्ट साधारण अशी येते: “मी दोन वर्षं आमच्या मंडळाचा अध्यक्ष होतो. वर्गणी, मंडप, देखावा, विसर्जन मिरवणूक, सगळं सांभाळलं. भरपूर कार्यकर्ते होते, सगळ्यांना एकत्र ठेवलं.” ऐकायला छान. पण पॅनेलला यातून काय कळलं? मंडळ होतं आणि उत्सव झाला, एवढंच. अध्यक्ष दुसरा कुणी असता तर काय वेगळं झालं असतं, याचा पत्ता नाही. मग आम्ही विचारतो, “तुमचा कोणता निर्णय कार्यकर्त्यांना पटला नव्हता?” इथे हमखास खाकरणं सुरू होतं.

बिनपदाची गोष्ट अशी: “जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचा असतो. आमच्याकडे सेल्सच्या क्रेडिट नोटा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बिलातून रक्कम कमी केल्याचे कागद, १० तारखेला संध्याकाळी यायच्या आणि रात्र जागून काढायला लागायची. मी सेल्सच्या कोऑर्डिनेटरशेजारी जाऊन बसलो, तेव्हा कळलं की त्यांचे मॅनेजर सगळ्या नोटांवर महिना संपल्यावर एकदमच सही करतात. दर शुक्रवारी सही करायची विनंती केली, ते नाही म्हणाले. मग मागच्या तिमाहीत आम्हाला नंतर कराव्या लागलेल्या दुरुस्त्यांची यादी काढून दाखवली. त्यातल्या दोन त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांच्या होत्या. तेव्हा तयार झाले. आता ५ तारखेला नोटा हातात असतात.”

सेल्सच्या मॅनेजरवर या मुलाचा काडीचा अधिकार नव्हता. त्याने अडचण कुठे आहे ते जागेवर जाऊन पाहिलं, नकार पचवला, समोरच्याचं नुकसान समोरच्याला दाखवलं. शिवाय आम्ही कुठूनही खोदलं तरी त्याच्याकडे सांगायला आहे: यादीत काय होतं, मॅनेजर का अडले होते, कोऑर्डिनेटरला यात काय मिळालं. बिनपदाच्या गोष्टीचा खरा फायदा हाच, ती उपप्रश्नांना टिकते.

म्हणून मंडळ टाकाऊ ठरत नाही. फ्रेशरकडे तर अनेकदा तेवढंच असतं. त्याने अध्यक्षपद एका वाक्यात उरकावं आणि एकच भांडण सांगावं. समजा, मिरवणुकीतला डीजे बंद करून लेझीम आणायचं ठरवलं आणि तरुण पोरं वर्गणीच्या पावत्या टाकून निघाली. त्यांच्यातल्या कुणाला आधी गाठलं, काय कबूल केलं, किती जण परत आले आणि कोण शेवटपर्यंत आलं नाही, हे सांगितलं की तीच गोष्ट एकदम वजनदार होते. न आलेल्यांचाही उल्लेख जरूर करा. सगळे आनंदाने परतले असं सांगितलंत की पॅनेलच्या भुवया वर जातात.

मोठ्या कंपन्यांत बिनपदाच्या गोष्टीचं पारडं स्पष्टच जड आहे. अॅमेझॉनची नेतृत्वतत्त्वं जाहीर आहेत, आधी १४ होती, २०२१ मध्ये दोन वाढून १६ झाली, आणि इंटरव्ह्यूतले बरेच प्रश्न त्यांच्याच आधारे येतात. मतभेद उघड मांडायचा आणि एकदा निर्णय झाला की मन लावून त्यामागे उभं राहायचं, असं त्यातलं एक तत्त्व आहे. त्यावर सांगायला मंडळाच्या अध्यक्षापेक्षा बॉसशी असहमत झालेल्या ज्युनिअरकडे जास्त असतं. गूगलनेही पदापेक्षा गरज पडली तेव्हा पुढे येणं आणि गरज संपल्यावर मागे सरणं याला महत्त्व दिलंय. क्लासवाले शिकवतात ती ‘स्टार’ पद्धत, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, इथे उपयोगी आहे. फक्त लोक परिस्थितीवरच दीड मिनिट घालवतात आणि कृती एका वाक्यात गुंडाळतात. प्रमाण उलटं हवं.

एका ठिकाणी मात्र माझा कल उलटा. जागाच मॅनेजरची असेल तर पदाची गोष्ट आधी. तुम्हाला किती जण रिपोर्ट करत होते, कुणाला कमी रेटिंग दिलं, ते त्याला तोंडावर कसं सांगितलं, हे विचारलं जाणारच. तिथे क्रेडिट नोटांची गोष्ट सांगत बसलात तर विषय टाळताय असं वाटतं.

यूपीएससीच्या मुलाखतीत तर निवड आधीच होऊन गेलेली असते. तपशीलवार अर्जात जे पद लिहिलंय ते बोर्डाच्या पुढ्यात असतं. २७५ गुणांच्या या चाचणीत काय पाहतात त्याच्या यादीत नेतृत्व आहेच, आणि पुढेच बौद्धिक व नैतिक सचोटीही आहे. अर्जात ‘मंडळाचा अध्यक्ष’ लिहिलंत तर विचारतील: मंडळ नोंदणीकृत होतं का? नसेल तर वर्गणी गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घेतली होती का? रात्री १० नंतर स्पीकर बंद होता का? राज्यसेवेच्या मुलाखतीलाही हीच तयारी ठेवा, तिथे समोरच्यांना आपले उत्सव आतून-बाहेरून माहीत असतात. थोडक्यात, ज्याचा हिशेब देता येईल तेच पद अर्जात लिहावं.

एसएसबीचं, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, गणितच निराळं. तिथे अधिकाऱ्याचे १५ गुण पाहतात. त्यात पुढाकार आहे, जबाबदारीची जाणीव आहे, गटावर प्रभाव टाकण्याची क्षमता आहे, पण ‘नेतृत्व’ नावाचा वेगळा गुण नाही. मैदानावर फळ्या आणि दोर घेऊन गट अडथळे पार करतो तेव्हा बहुतेक कामांत कुणालाच प्रमुख नेमलेलं नसतं. कमांड टास्कमध्ये तेवढं प्रमुखपण मिळतं, सोबतीही तुम्हीच निवडता. त्यामुळे मुलाखतीत सांगितलेलं आणि मैदानावर दिसलेलं जुळायला हवं. शाळेत हेड बॉय होतो म्हणणारा फळी दुसऱ्याने उचलायची वाट बघत उभा राहिला, तर हेड बॉयचं काही चालत नाही.

आपल्या मुलांची एक अडचण दोन्ही गोष्टींत सारखीच येते. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, हे घरात इतकं बिंबवलेलं असतं की सगळं उत्तर ‘आम्ही ठरवलं, आम्ही केलं’ यातच संपतं. पॅनेलला तुमच्या टीमला नोकरी द्यायची नसते. यादी मी काढली, सही मॅनेजरांनी केली, शुक्रवारची आठवण कोऑर्डिनेटर ठेवायची, असं ज्याचं त्याच्या नावावर टाकलं की बढाईही वाटत नाही आणि तुमचा वाटाही दिसतो. मुलींच्या उत्तरांत हे जास्त जाणवतं. काम त्यांनी केलेलं असतं आणि वाक्यात नाव सरांचं येतं.

पद नाही, नोकरीचा अनुभवही नाही, अशांनी यूट्यूबवरची गोष्ट उसनी घेऊ नये, दुसऱ्या उपप्रश्नालाच ती उघडी पडते. वडील आजारी असताना दुकान सांभाळलं असेल, उधारीची वही तुमच्याकडे आली असेल, जुन्या नोकराने पहिल्या आठवड्यात ऐकलं नसेल, तर ते सांगा. बायोडेटामध्येही एक ओळ टाका, नाहीतर आम्हाला विचारायचं सुचणार नाही.