स्पार्टन गेम्स: दुकान बंद, आरमार शाबूत

स्पार्टन गेम्स ही मिनिएचर युद्धखेळांची, म्हणजे रंगवलेली छोटी मॉडेले टेबलावर मांडून खेळायच्या लढायांची, छोटी ब्रिटिश कंपनी २००८ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये बंद पडली. या काळात तिने काढलेली जहाजे, विमाने आणि नियमपुस्तके जुन्या मालाच्या बाजारात आजही हातोहात फिरतात, त्यामुळे ती घ्यावीत की नाही हा प्रश्न कंपनीबरोबर संपलेला नाही. माझे मत आधीच सांगतो: माल उत्तम होता, पसारा मात्र झेपेल त्याहून मोठा होता, आणि कंपनीला भोवला तो पसाराच, असे मला वाटते.

तिचा सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे २०१० चा ‘डिस्टोपियन वॉर्स’. एका नव्या मूलद्रव्याच्या शोधामुळे विज्ञानाने भलतीच झेप घेतलेले काल्पनिक १८७० साल ही त्याची पार्श्वभूमी. ब्रिटानियाची अवजड पोलादी जहाजे, प्रशियाची विजेचे लोळ फेकणारी यंत्रे, तळपत्या सूर्याच्या साम्राज्याचे अग्निबाण आणि अंटार्क्टिकातील शास्त्रज्ञांचे स्वतंत्र राष्ट्र, असा सगळा थाट. मॉडेले १:१२०० या प्रमाणातली, त्यामुळे मोठी युद्धनौकाही तळहातावर मावते. जहाजाचा सांगाडा रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या राळेसारख्या पदार्थाचा) आणि तोफांचे बुरूज धातूचे, ही विभागणी मोठी सोयीची होती. रेझिनमध्ये डेकवरच्या फळ्यांच्या रेघा आणि कडेचे रिव्हेट इतके स्पष्ट उतरत की पातळ गडद रंगाचा एक हात फिरवून वरून कोरड्या ब्रशने फिका रंग घासला, तरी नवख्या माणसाचे जहाजही पाहण्यासारखे होई. अर्थात रेझिनचे जे दोष सर्वत्र असतात ते इथेही आहेत: हवेचे बुडबुडे, कडेला राहिलेला जादा पापुद्रा आणि क्वचित वाकलेला तळ. साबणाच्या पाण्याने धुऊन, पॉलिशपेपरने घासून आणि वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ करूनच रंगकामाला बसावे लागते.

खेळाची खरी गंमत फाशांत आहे. मूळ नियमांनुसार प्रत्येक तोफेला ठरावीक फासे मिळतात. चार किंवा पाच पडले तर एक मारा, सहा पडले तर दोन, आणि तो फासा पुन्हा टाकायचा. पुन्हा सहा आले की पुन्हा दोन आणि पुन्हा टाकणे. प्रत्येक जहाजाला नुकसानीचे दोन उंबरठे दिलेले असतात: एका माऱ्यात पहिला ओलांडला की जहाजाच्या आयुष्याचा एक अंक कमी होतो, दुसरा ओलांडला की दोन अंक जातात आणि शिवाय आग, पूर किंवा सुकाणू निकामी होणे अशांपैकी काय ओढवते ते एका तक्त्यावर ठरते. यामुळे चिमुकल्या फ्रिगेटच्या माऱ्यानेही एखादी अजस्र युद्धनौका हादरण्याची शक्यता कायम राहते, आणि हरणारा खेळाडू शेवटपर्यंत टेबल सोडत नाही. मी पाहिलेल्या आरमारी खेळांत इतका साधा आणि इतका रंगतदार नियम विरळा.

नियमपुस्तकाबद्दल मात्र इतके चांगले बोलता येत नाही. पल्ल्याचे आठ-आठ इंचांचे चार पट्टे, त्या प्रत्येकात बदलणारी फाशांची संख्या आणि अनेक जहाजांचा मारा एकत्र करताना मुख्य जहाजाखेरीज बाकीच्यांचे फासे निम्मे करणे हे गणित दोन मोठे ताफे समोरासमोर आले की फार वेळ खाते. त्यातच नियम वारंवार सुधारले गेले, म्हणजे ज्याला अद्ययावत राहायचे त्याचे जुने पुस्तक कपाटात गेले.

आता पसाऱ्याविषयी, कारण दोष खरा तिथे आहे. ‘अनचार्टेड सीज’ (काल्पनिक समुद्रावरची लढाई), ‘फायरस्टॉर्म आर्माडा’ (अंतराळातली), ‘डिस्टोपियन वॉर्स’, ‘फायरस्टॉर्म प्लॅनेटफॉल’ (ग्रहांच्या जमिनीवरची) आणि २०१५ पासून ‘हेलो’ या प्रसिद्ध व्हिडिओ गेमच्या परवान्यावरचे खेळ, एवढे सगळे एका लहान कंपनीने नऊ वर्षांत काढले. बहुतेक खेळांत अर्धा डझन राष्ट्रे किंवा वंश, प्रत्येकाची लहान, मध्यम आणि मोठी जहाजे, वर विमाने आणि रणगाडे. छोट्या कंपन्या रेझिन निवडतात ते त्याचे रबरी साचे स्वस्तात बनतात म्हणून. कडक प्लास्टिकचा पोलादी साचा फार महाग पडतो, पण एकदा बनला की नग कवडीमोलाने निघतात. रेझिनचे उलट आहे: साचे लवकर झिजतात, ओतकाम हाताने होते, आणि शंभरावा नगही पहिल्याइतकाच कष्टाचा असतो. अशा पद्धतीने शेकडो प्रकारचा माल तयार ठेवायचा म्हणजे पैसा फडताळावर अडकून पडणार हे ओघानेच आले. शिवाय खेळाडू विखुरतात. एकाकडे अंतराळातला ताफा, दुसऱ्याकडे समुद्रावरचा, आणि दोघे एकाच कंपनीचे गिऱ्हाईक असूनही एकमेकांशी खेळू शकत नाहीत. या धंद्यात प्रतिस्पर्धी मिळणे हीच मालाची निम्मी किंमत असते.

बंद पडल्यानंतर महिन्याभरातच वेलँड गेम्स या ब्रिटिश विक्रेत्या कंपनीने या खेळांचे हक्क घेतले आणि तिच्याच वॉरक्रेडल स्टुडिओजने पुढे ‘डिस्टोपियन वॉर्स’ नव्या नियमांसह, कडक प्लास्टिकच्या जहाजांसह परत आणले. नवी जहाजे जोडायला अधिक सुबक आहेत, पण जुन्या नियमांचा रांगडेपणा त्यात उरलेला नाही, हे नमूद करावेसे वाटते. ‘हेलो’ची गोष्ट वेगळी, ते नावच परवान्याचे होते, स्पार्टनच्या मालकीचे नव्हते.

जुना माल घ्यायचाच असेल तर ‘डिस्टोपियन वॉर्स’ किंवा ‘फायरस्टॉर्म आर्माडा’ घ्यावा, आणि एक नव्हे तर दोन लहान ताफे घ्यावेत, म्हणजे समोर बसणाऱ्याने स्वतः काही विकत घेतले नसले तरी अडत नाही. धातूचे सगळे बुरूज आणि विमाने ज्यांवर उभी करतात त्या पारदर्शक दांड्या जागेवर आहेत का ते छायाचित्रात मोजून पाहावे, आणि जहाजांचे आकडे ज्या आवृत्तीचे आहेत त्याच आवृत्तीचे नियमपुस्तक सोबत मागून घ्यावे. जाड रंगाने माखलेली जहाजे टाळलेली बरी, कारण रंग काढण्याच्या द्रावणाने रेझिन मऊ पडू शकते. ‘प्लॅनेटफॉल’ सुंदर आहे, पण त्याला जोडीदार मिळणे इतके कठीण की तो केवळ रंगवून मांडून ठेवायचा असेल तरच घ्यावा.