कंट्रिब्युटर कव्हेनंट: फुकट मिळतंय म्हणून नुसतं चिकटवून ठेवू नका

रेटिंग आधीच सांगतो, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढं येईलच.

आमचं एक छोटं ओपन सोर्स (म्हंजे कोड सगळ्यांना खुला, कुणीही बदल सुचवायचा) सॉफ्टवेअर आहे, गावातल्या दूध संस्थांसाठी. सकाळ-संध्याकाळचं कलेक्शन, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दरपत्रक, दहा दिवसांचं बिल, बास एवढंच. काम करणारी मंडळी कोण तर कॉलेजची पोरंपोरी, कोल्हापूरच्या राजारामपुरीत आयटीत जॉब करणारे दोघंतिघं, एकदोन संस्थांचे सचिव ज्यांना कोड येत नाही पण हिशोब कुठं चुकतोय ते बरोब्बर दाखवतात, आणि मधनंच कधीतरी उगवणारे अनोळखी लोक. वय वेगळं, गाव वेगळं, शिक्षण वेगळं, मग एकमेकांशी कसं बोलायचं याचे काहीतरी नियम लागतातच, आणि ते पहिल्यापासनं स्वतः लिहीत बसण्यापेक्षा आम्ही हे तयार मिळणारं घेतलं. व्हर्जन २.१.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी, ही आचारसंहितेची, म्हंजे कोड ऑफ कंडक्टची, एक तयार फाइल आहे, २०१४ मध्ये कोरलाइन एडा एम्के यांनी सुरू केलेली. फुकट आहे, गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) प्रोजेक्टमध्ये टाकायची, आपल्या जागा भरायच्या, झालं. आज लिनक्स कर्नलपासून (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ते एखाद्या पोराच्या हौशी ॲपपर्यंत सगळीकडं दिसते.

लिनक्सची गोष्ट थोडी सांगतोच कारण ती सांगितल्याशिवाय हे कशासाठी लागतं ते कळत नाही. तिथं वर्षानुवर्षं असं चालायचं की कोड चांगला पाहिजे, बोलणं कसं का असेना. २०१५ मध्ये त्यांनी एक छोटा कागद केला, त्याचं नावच कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट, त्यात सार काय तर तुमच्या कोडवर कडक टीका होणार, तयारी ठेवा. मग सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्स सुरू करणारे लायनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः जाहीर माफी मागितली, लोकांच्या भावना आपल्याला कळत नाहीत, मदत घेतो म्हणाले, काही आठवडे बाजूला झाले, आणि त्याच वेळी कर्नलनं कंट्रिब्युटर कव्हेनंट घेतलं. लई लोक तेव्हा ओरडले, आता कर्नलचा दर्जा घसरणार, आता पॅच (कोणी पाठवलेला कोडमधला बदल) नाकारायची पण चोरी. तसं काहीच झालं नाही. पॅच अजूनही नाकारले जातात, खोलात जाऊन नाकारले जातात.

आता आमच्याकडं हे कसं चाललं ते सांगतो.

गडहिंग्लजकडची एक डिप्लोमाची पोरगी, घरी म्हशी आहेत, दूध गावच्या संस्थेला घालतात. तिनं पहिलाच बदल पाठवला, एसएनएफच्या सूत्रात. ज्यांना दुधाचं माहीत नाही त्यांच्यासाठी, लॅक्टोमीटरनं सीएलआर (त्याचं तापमानाप्रमाणं दुरुस्त केलेलं रीडिंग) मोजतात, मग सीएलआर भागिले ४, त्यात फॅटचा साधारण पाचवा हिस्सा आणि वर एक ठरलेला आकडा मिळवला की एसएनएफ निघतो. हा शेवटचा आकडा सगळीकडं सारखा धरत नाहीत, कुठं ०.३६ धरतात कुठं वेगळा. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरून ठरलेला असतो, खाली गेलं की कापतात, त्यामुळं त्या आकड्यावर शेतकऱ्याचे रोजचे पैसे हलतात. तिनं तो आकडा बदलला होता. त्याखाली आमच्यातल्या एका अनुभवी माणसानं लिहिलं, "आधी फॉर्म्युला गुगल कर, मग कोडला हात लाव. असलं कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ठीक आहे." पोरीनं काही न बोलता तो बदल बंद करून टाकला.

दोघांनी तक्रार केली. आणि इथं ही फाइल खरंच कामाला आली, कारण २.१ मध्ये पुढं काय करायचं त्याच्या चार पायऱ्या लिहिलेल्या आहेत: समज, ताकीद, ठरावीक काळ बाहेर, कायमचं बाहेर. पहिली पायरी म्हंजे खासगीत, लेखी, नेमकं काय चुकलं आणि का चुकलं ते समजावून सांगायचं, वाटल्यास जाहीर माफी मागायला सांगायची. हे लिहिलेलं नसतं तर काय झालं असतं मला पक्कं माहीत आहे, अर्धे म्हणाले असते जाऊ दे रे, अर्धे म्हणाले असते काढून टाका त्याला, आणि चार दिवस व्हॉट्सॲपवर नुसती हाणामारी. आम्ही त्याला पत्र लिहिलं. तो चिडला, म्हणाला मी कोडवर बोललो, माणसावर नाही. मग त्याची दोन वाक्यं त्याच्यापुढं ठेवली आणि विचारलं, यात कोडबद्दलचा एक तरी शब्द दाखवा. कुठली ओळ, कुठला आकडा, का चूक, काहीच नव्हतं. दोन दिवसांनी त्यानं त्याच जागी माफी लिहिली.

पोरगी परत आली आणि तिनं पासबुकाचा फोटो टाकला. तिच्या संस्थेत आकडा खरंच वेगळा धरत होते, त्यामुळं आमच्या स्क्रीनवरचा एसएनएफ आणि पासबुकातला एसएनएफ जुळतच नव्हता. तिचा बदल सगळ्यांसाठी लागू करणं चूकच होतं, पण तिनं दाखवलेली अडचण शंभर टक्के खरी होती. आता तो आकडा सेटिंगमध्ये आहे, संस्थेनं आपला भरायचा. ती गप्प बसली असती तर हे आम्हाला कोण सांगणार होतं? माझं आदराबद्दलचं म्हणणं हेच आहे, अपमान झालेला माणूस भांडत नाही, तो फक्त निघून जातो, आणि जाताना त्याच्याजवळची माहिती घेऊन जातो. गिटहबनं २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचा सर्व्हे केला होता, त्यात १८ टक्के लोकांना स्वतःला वाईट अनुभव आलेला, पण ५० टक्क्यांनी दुसऱ्याच्या बाबतीत होताना बघितलेला. ही बघणारी माणसं महत्त्वाची, तीही मनातल्या मनात ठरवतात की इथं तोंड उघडायचं का नाही.

(तो अनुभवी माणूस आता आधीपेक्षा कमी येतो. त्याचं वाईट वाटतं, पण निर्णय बरोबर होता असंच मला आजही वाटतं.)

कोल्हापुरात हे सांगितलं की हमखास एक प्रश्न येतो, आपली भाषाच रांगडी, मग आम्ही काय तोंडाला कुलूप लावायचं? अजिबात नाही. तालमीत वस्ताद पोराला काय काय बोलतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, पण तो पाय कुठं चुकला ते दाखवतो आणि उद्या परत ये म्हणतो. "ही लूप बेकार आहे, हजार सभासद झाले की अडकणार" हे बिनधास्त लिहा. बोलणं कडक असायला हरकत नाही, त्यात समोरच्याला तुच्छ लेखणं नको. शिवाय समोरासमोर आपण हसत हसत बोलतो ते स्क्रीनवर दिसत नाही, नाशिकच्या किंवा नागपूरच्या माणसाला आपलं प्रेमाचं बोलणं शिवीच वाटणार.

या २.१ मधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हंजे भेदभाव कशाकशावरून करायचा नाही त्या यादीत जात हा शब्द स्पष्ट लिहिलाय. आधीच्या व्हर्जनमध्ये नव्हता, २०२१ मध्ये आला. आपल्याकडं आडनाव विचारून गाव विचारून माणूस जोखणं किती सहज चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, टेक्निकल ग्रुपपण त्यातनं सुटलेले नाहीत. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के आरक्षणाचा हुकूम काढला आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा प्याले, त्या गावात बसून हे वाचताना बरं वाटतं. महाराजांचा हुकूम होताच, पण ते स्वतः चहाला गेले म्हणून बाकीच्यांना जावं लागलं. प्रोजेक्टमध्येपण वरचा माणूस कसा वागतो त्यावरच सगळं ठरतं.

आता कापलेल्या स्टारकडं.

एक, या फाइलमध्ये तक्रार कुणाकडं करायची ती जागा रिकामी असते, आपण भरायची असते, आणि कित्येक प्रोजेक्टमध्ये ती तशीच रिकामी दिसते, चौकटी कंसात "इथं ईमेल टाका" तसंच्या तसं. असली फाइल असून उपयोग शून्य, उलट वाईट, कारण अडचणीतला माणूस आशेनं उघडतो आणि पुढं कुणीच नसतं.

दुसरं, तक्रार वरच्याच माणसाबद्दल असली तर काय? याचं पक्कं उत्तर यात नाही. रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेचा कोड ऑफ कंडक्ट नावाजलेला, पण तिथली तक्रारी बघणारी अख्खी मॉडरेशन टीम नोव्हेंबर २०२१ मध्ये राजीनामा देऊन गेली, त्यांचं म्हणणं कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही. म्हणून आम्ही तक्रारीसाठी दोघांची नावं टाकलीत, त्यातल्या एक मॅडम कॉलेजात शिकवतात आणि आमच्या कोडशी त्यांचा काहीही संबंध नाही.

तिसरं, भाषा. मूळ इंग्रजी वकिली थाटाचं आहे, आमच्या सचिव काकांनी दोन ओळी वाचून ठेवून दिलं. मग आम्ही वर अर्धं पान साध्या मराठीत लिहिलं, आणि त्यात आपल्या इकडची एक ओळ घातली जी कुठल्याच परदेशी फाइलमध्ये सापडायची नाही: इथं सगळ्यांना अहोजाहो, समोरचा स्वतः म्हणेपर्यंत कुणी कुणाला अरेतुरे करायचं नाही, मग तो डिप्लोमाचा पोरगा असो नाहीतर सचिव. काका त्या दिवसापासनं जास्त लिहायला लागलेत.

दुसरे पर्यायपण बघितले. डेबियन या लिनक्सवरच्या प्रोजेक्टचं २०१४ मध्ये मतदान घेऊन मंजूर झालेलं आहे, छोटं, सुटसुटीत, समोरच्याचा हेतू चांगला धरून चला वगैरे, वाचायला हेच सगळ्यात छान, पण तक्रार आल्यावर काय याच्या अशा पायऱ्या त्यात नाहीत. ग्नू या फ्री सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं २०१८ चं तर सरळ सल्ल्याच्या रूपात आहे, शिक्षेची भाषाच नाही. चारपाच ओळखीचेच मित्र असाल तर ते चालून जाईल. अनोळखी लोक येणार असतील तर पायऱ्या लागतात आणि त्या वापरायची तयारीपण लागते. कर्नलवाल्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एका फाइलसिस्टीमच्या (डिस्कवर फाइली ठेवणारा भाग) मेंटेनरचे, म्हंजे तो भाग सांभाळणाऱ्याचे, बदल ६.१३ व्हर्जनच्या अख्ख्या सायकलला घेतले नाहीत, कारण वाईट बोलल्याबद्दल हवी तशी जाहीर माफी आली नाही. एवढा महत्त्वाचा माणूस असूनही.

नवीन सुरू करणार असाल तर २०२५ मध्ये आलेलं ३.० घ्या, त्यात झालेलं नुकसान भरून काढण्यावर, संबंध दुरुस्त करण्यावर जास्त भर आहे, आणि आमचा अनुभव बघता तेच पाहिजे. आम्ही अजून २.१ वरच आहोत, ३.० चं मराठी अर्धं पान तयार झालं की काकांना आणि त्या गडहिंग्लजच्या पोरीला आधी वाचायला देणार आणि मगच बदलणार.